दीड दिवसाची शाळा आणि आपले कागद

(१ ऑगस्ट, अण्णाभाऊ साठे जयंती. पिंपरी पेंढारच्या बैठकीत केलेलं हे भाषण. ज्या वाड्यांवरच्या साथींना आवणी राहिल्यामुळं येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. वाचता येणाऱ्यानं वाडीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवावं.)



पाऊस उघडायला तयार नाही, तरी एवढे जण आलात. कोणी आवणी उरकून आलंय, कोणी टोमॅटोची तोडणी सोडून, म्हणजे आजचा रोज बुडवून आलंय. म्हणून लांबड लावत नाही.

मागच्या बैठकीत ठरलं, की १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांची जयंती करायची आणि त्याच दिवशी वनहक्काच्या दाव्यांचं पुढचं कामही बोलून घ्यायचं. तेव्हा आपल्यातल्याच एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "अण्णाभाऊ मातंग समाजाचे, तिकडं वारणेकडचे. आपण महादेव कोळी, ठाकर. त्यांचं नि आपलं काय?" त्या दिवशी आम्ही "ते कष्टकऱ्यांचे लेखक होते" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी जाताना आमचं आम्हालाच ते बरं वाटलं नाही. बाबांचा प्रश्न खरा होता. आज त्याचं उत्तर द्यायचं आहे.

आधी माणूस कोण होता ते सांगतो.

अण्णाभाऊंचं मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. आईचं नाव वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. शाळेत गेले ते दीड दिवस. दोन दिवससुद्धा नाही. इथं बसलेल्यांत दीड दिवसापेक्षा जास्त शाळा शिकलेले किती आणि कमी किती, ते आम्ही हात वर करून विचारत नाही. एवढंच ध्यानात ठेवा, की ह्या माणसानं पुढं तीसाच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. गोष्टी, पोवाडे, लोकनाट्यं, रशियाच्या प्रवासाचं पुस्तक, ते वेगळंच.

१९३१ च्या सुमाराला गावात पोट भरेना, म्हणून घरच्यांबरोबर मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, चालत निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचं, चार दिवस थांबायचं, पुढं चालायचं. कल्याणला कोळशाचं काम केलं. आपण बसलोय त्या शेडाच्या समोरून जो रस्ता जातो, तो ओतूरवरून माळशेज उतरून कल्याणलाच जातो. पोट बांधून मुंबईची वाट धरणं आपल्याला सांगायला नको. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही वाडीत जा, कोणाचा चुलता गोदीत हमाल होता, कोणाचा आजा गिरणीत होता, कोणी आजही डोक्यावर डबे वाहतो. १९८२ च्या संपानंतर गिरणीवाले गावाकडं परत आले आणि भावकीच्या तुकड्यात आणखी वाटेकरी झाले, हेही आपण बघितलंय.

मुंबईत अण्णाभाऊंनी काय काय केलं? हमाली केली, फेरीवाल्याबरोबर फिरले, सिनेमाच्या दारावर उभे राहिले, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती बघत बघत अक्षर ओळखायला शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात लाल बावट्याच्या माणसांत आले. तिथं मच्छर फार, म्हणून पहिल्यांदा गाणं रचलं ते मच्छरावर. हे ऐकून हसू नका. मोठ्या विषयाची वाट बघत ते बसले नाहीत. रात्री जे चावतं त्याच्यावर लिहिलं. पुढं स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. १९४४ ला अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. चाळीत, गिरणीच्या दारात, गावोगाव कार्यक्रम झाले. सरकारनं बंदी घातली तरी ते थांबले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ह्या मंडळींच्या डफावर मैदानं भरत.

१९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे ही जुनी समजूत त्यांनी तिथं उलटी केली. पृथ्वीचा भार दलितांच्या आणि राबणाऱ्यांच्या हातावर आहे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. दीड दिवस शाळा शिकलेला माणूस लेखकांच्या सभेत हे बोलला.

आता 'फकिरा'कडं येतो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर ह्या पुस्तकात आहे.

'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. १९६१ ला तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलीय. बाबासाहेबांची लढाई मोठी, सभा मोठ्या, तरी अर्पण केली ती लेखणीला. का, ते पुढं कळेल.

फकिरा हा खरा माणूस होता, अण्णाभाऊंच्या नात्यातला. इंग्रजांच्या वेळची गोष्ट. दुष्काळ पडलेला, लोक पाला खाऊन मरायला लागलेले, आणि मोठ्या वाड्यात धान्य भरून ठेवलेलं. फकिरानं ते लुटलं आणि भुकेल्यांना वाटलं. मग सरकारी खजिना लुटला. ह्याच लोकांना सरकारनं जन्मानं गुन्हेगार ठरवलं होतं. त्यासाठी १८७१ चा कायदाच होता. गुन्हा करायची गरज नाही, त्या जातीत जन्मलात की झालात गुन्हेगार. रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. कामासाठी दुसऱ्या गावाला जायचं तरी कोणाच्या तरी सहीकडं बघायचं. शेवटी फकिराच्या माणसांना, बायापोरांना सरकारनं कोंडून ठेवलं, तेव्हा त्यांच्यासाठी तो आपण होऊन हजर झाला.

आता विचार करा. फकिराचा सरकारी कागद कसा असेल? नाव, जात, दरोडा, बक्षीस, अटक. बस्स. त्या कागदात दुष्काळ नाही, वाड्यातलं धान्य नाही, हजेरी देताना मान खाली घालून उभा राहिलेला बाप नाही. अण्णाभाऊंनी दुसरा कागद लिहिला, घराच्या बाजूनं. आज फकिराला दरोडेखोर कोणी म्हणत नाही. सरकारचा कागद दप्तरात पडून राहिला, अण्णाभाऊंचा कागद लोकांच्या हातात आला.

आता आपल्या डोंगराकडं बघू.

आंबेगाव तालुक्यातलं जांभोरी सगळ्यांना माहीत आहे. तिथला होन्या भागोजी केंगले, महादेव कोळी. १८७३ पासून त्यानं माणसं जमवून सावकारांवर धाडी घातल्या. सावकार खोटे खत करायचे, अंगठा घ्यायचे, कोर्टाचा हुकूम आणून जमीन न्यायचे. होन्याच्या माणसांनी कित्येक सावकारांची नाकं कापली. १८७६ ला मेजर डॅनियल नावाच्या पोलीस अंमलदारानं होन्याला पकडलं. हे सगळं इंग्रजांच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात लिहिलेलं आहे. गंमत अशी, की सावकार डोंगरातल्या लोकांना फसवतात, छळतात आणि गुन्ह्याकडं ढकलतात, हेही त्याच गॅझेटियरात कबूल केलंय. पण नोंद कशी? टोळी, धाडी, अटक. होन्याच्या घरी त्या सालात काय शिजत होतं, कोणाची जमीन कुठल्या खतावर गेली, बाया काय म्हणत होत्या, हे इंग्रज अंमलदार कशाला लिहील? ते आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलं. तोंडी राहिलेलं माणसाबरोबर जातं.

बाबा, हे झालं अर्धं उत्तर. फकिरा आणि होन्या सख्खे भाऊ शोभतील. एकाला अण्णाभाऊ मिळाले.

उरलेलं अर्धं उत्तर आजचं आहे.

फॉरेस्टच्या दप्तरात आज तुमचं नाव कसं लिहिलंय? 'अतिक्रमणदार'. आज्या-पणज्याची दळी, त्यावर नाचणी-वरई, बांधाला हिरडा, आणि कागदावर तुम्ही परक्याच्या जागेत घुसलेले. राब भाजला म्हणून दंड. लाकूड आणलं म्हणून दंड. १९८५ ला भीमाशंकरचं अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून त्या भागातल्या वाड्यांवर तर पाय टाकायची चोरी. डिंभ्याच्या धरणात जुनं आंबेगाव बुडालं, खाचरं बुडाली. वरच्या धरणांचं पाणी खालच्या पट्ट्यात आलं, बागायत झाली, आणि वरची माणसं त्याच बागायतीत रोजानं आली. कांदा लावायला, टोमॅटो तोडायला, द्राक्षाची छाटणी करायला. उचल घेऊन, पिकअपमध्ये उभं राहून. इथल्या शेतकऱ्याशी आपलं भांडण नाही, त्याचाही भाव पडतोच. पण आपण इथं मजूर म्हणून का आहोत, ह्याचा हिशेब कुठल्याच दप्तरात लिहिलेला नाही.

जमीन गेलेल्या माणसाचं काय होतं, हेही अण्णाभाऊंनी लिहिलंय. 'स्मशानातील सोनं' नावाची त्यांची गोष्ट आहे. भीमा नावाचा दणकट गडी वारणेकडून मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि पोरगी. मग तो रात्री स्मशानात जाऊन प्रेतांच्या राखेत सोन्याचा कण शोधायला लागतो. एका रात्री मेलेल्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि जातात. आणि त्याच वेळी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली. बोटं नसलेला हात घेऊन तो रडत बसतो. ही गोष्ट आम्ही एका वस्तीवर वाचली तेव्हा कोणी बोललं नाही. तिथले दोन गडी खाणीवर जाऊन आलेले होते.

आता २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आपण कसतो, ती चार हेक्टरपर्यंत आपल्या नावावर होऊ शकते. हिरडा, मध असल्या वनउपजाचा हक्क आहे. गावाचा सामूहिक हक्क आहे. हे सगळं आपण मागच्या बैठकांत बोललोय. आज एकाच गोष्टीवर बोलायचंय, पुराव्यावर.

नियम १३ मध्ये पुरावे कुठले चालतात ते सांगितलंय. सरकारी कागद चालतात, म्हणजे दंडाची पावतीसुद्धा जपून ठेवा. ज्या पावतीनं तुम्हाला चोर ठरवलं तीच आज सांगते, की तुम्ही त्या साली तिथं होतात. जमिनीवरच्या खुणा चालतात, घर, ताल, बांध. विहिरी, स्मशानभूमी, देवाची ठिकाणं चालतात. आणि त्याच यादीत असं आहे, की दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसांचं सांगणं, लिहून घेतलेलं, हाही पुरावा. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे, त्यातला हा एक.

नीट ऐका. म्हातारीचं बोलणं कायद्यानं पुरावा मानलंय. फक्त ते लिहिलेलं पाहिजे.

आणि लिहिण्यातच आपण चुकतोय. डोंगराकडच्या एका वाडीत आम्ही दावे बघायला गेलो. जबाब अकरा होते. अकराच्या अकरा सारखे. "सदर जमीन अर्जदार हे वडिलोपार्जित कसत आहेत, सबब जबाब दिला असे." नाव तेवढं बदललेलं. लिहिणारा पोरगा आपलाच, बारावी झालेला. कोणत्या तरी कचेरीतला नमुना बघून त्यानं उतरवलं होतं. त्याचा दोष नाही. ते दावे पाहून आम्हीही आधी "बरं झालं, कागद पुरे झाले" असंच म्हणालो होतो, हे कबूल करतो.

तिथं एक आजी बसली होती. म्हणाली, "माझं वाच रं." पोरानं वाचलं. आजी म्हणाली, "हे मी कवा बोलले?"

मग ती बोलायला लागली. शेजारणीच्या दाव्यासाठी तिचा जबाब होता. तिनं सांगितलं, की त्या दळीच्या वरल्या अंगाला जो आंबा आहे तो शेजारणीच्या सासऱ्यानं लावला. आंबेगाव धरणात बुडालं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्या आंब्याला पहिला मोहोर येऊन गेला होता. खालची ताल तिघी जावांनी मिळून रचली, त्यातल्या थोरलीच्या पायावर दगड पडला, ती जन्मभर लंगडत होती. राब भाजला म्हणून एका सालाला दंड बसला, तो भरायला घरातल्या कोंबड्या विकल्या. विकल्या कुठल्या बाजारात, किती, तेही तिनं सांगितलं.

पोरानं ते सगळं लिहून काढलं. दोन पानं झाली. आता त्या कागदात झाड आहे, जे कोणीही जाऊन बघू शकतो. ताल आहे, ती मोजता येते. धरणाचं साल आहे, ते सरकारच्याच दप्तरात आहे. दंड आहे, त्याची नोंद शोधता येते. पहिल्या कागदाला कोणीही साहेब "हे सगळे एकाच हातचे" म्हणून बाजूला टाकू शकतो. दुसऱ्या कागदाला त्याला तपासावं लागेल. दावा मंजूर होईल का, हे आम्ही छातीठोक सांगत नाही. पण फेटाळायचा तर कारण लिहून द्यावं लागेल, आणि आपल्याला वर अपील करायला धरायला काहीतरी राहील.

अण्णाभाऊंनी वारणेच्या माणसांसाठी हेच केलं. "गरीब लोक अन्यायाविरुद्ध लढले" असं एका ओळीत लिहून मोकळे झाले नाहीत. कोण, कुठल्या गावचा, कुठल्या सालच्या दुष्काळात, कोणाच्या वाड्यावर गेला, ते लिहिलं. म्हणून ते टिकलं.

आता थोडं कडू बोलतो. राग मानू नका.

अण्णाभाऊंचा वारसा आपल्या तालुक्यांत काय उरलाय? जयंतीला फोटो निघतो, हार पडतो, मिरवणूक निघते. २००२ ला सरकारनं टपालाचं तिकीटही काढलं. फोटो मातंग वस्तीत लागतो आणि बाकी गाव म्हणतं, त्यांचा कार्यक्रम आहे. आपणही तेच म्हणत आलो. आपल्या वाड्यांवरसुद्धा मातंगाच्या घरचं पाणी न पिणारे आहेत, कातकऱ्याला वेगळं बसवणारे आहेत. फॉरेस्टच्या दप्तरानं आपल्याला एका शब्दात बसवलं तर आपल्याला लागतं. मग आपण दुसऱ्याला एका शब्दात का बसवतो? बाबा, तुमच्या प्रश्नात हाही एक प्रश्न होता, म्हणून बोललो.

आणि अण्णाभाऊंचं शेवटचंही सांगितलं पाहिजे. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांची बरीच वर्षं गेली. बहुतेक मोठी पुस्तकं तिथं राहत असताना लिहिली. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, रशियापर्यंत नाव गेलं, घरची गरिबी हटली नाही. १८ जुलै १९६९ ला गोरेगावात वारले, तेव्हा एकोणपन्नास वर्षंही पुरी झाली नव्हती. तेव्हा लिहिल्यानं पोट भरतं असं आम्ही म्हणत नाही. लिहिल्यानं माणूस पुसला जात नाही, एवढंच म्हणतो. आपल्या बाबतीत तर त्याहून जास्त आहे. आपल्या लिहिण्यावर सातबारा अडकलाय.

तर आता काम.

एक. प्रत्येक वाडीनं पुढच्या बैठकीपर्यंत निदान दोन म्हाताऱ्या माणसांचे जबाब नव्यानं लिहून आणायचे. ते स्वतःच्या दाव्यासाठी चालत नाहीत, दुसऱ्याच्या दाव्यासाठी घ्यायचे. म्हातारी माणसं थांबत नाहीत. मागच्या पावसाळ्यापासून आत्तापर्यंत किती गेली, ते तुम्हीच मोजा.

दोन. जसं बोलतील तसं लिहायचं. आवणीला आवणी, दळीला दळी, तालीला ताल. 'सदर' आणि 'सबब' नको. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवायचं. त्या "हे मी कवा बोलले" म्हणाल्या, तर फाडून पुन्हा लिहायचं. मग सही किंवा अंगठा.

तीन. झाड, ताल, विहीर, देव, जुनं थडगं जे जे त्या सांगतील, ते जाऊन बघायचं आणि वनहक्क समितीच्या पाहणीत दाखवायचं.

चार. 'फकिरा'ची एक प्रत आणलीय. ती वाडी-वाडीनं फिरेल. ज्या वाडीवर जाईल तिथं रात्री एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. फाटली तर चिकटवा, पण कपाटात ठेवू नका.

ज्या पोरानं ते अकरा जबाब लिहिले होते तो आज इथं आलाय. अकरापैकी सात त्यानं पुन्हा लिहिलेत. उरलेल्या चौघांपैकी एक बाबा मधल्या काळात वारले. त्यांचा जबाब आता पहिल्यासारखाच, एका ओळीचा राहणार.

आणखी एकही तसा राहू नये, म्हणून आजची जयंती.

जिंदाबाद.